बाराव्या घराची जागा

कंदिलाची वात जरा खाली कर गो मालू, बाळाच्या डोळ्यांवर उजेड येतो. वीज काही आता लवकर यायची नाही. आपल्या खाडीकाठी ती पाहुण्यासारखी येते, चहा घेते नि जाते. तू भिंतीला टेकून बस. उद्या तुझ्या लेकीचं बारसं, घरात पंचवीस कामं पडलीत, आणि तुला नेमकं आत्ताच विचारायचं होतं, आई, माझं बारसं कुठे केलंत, नाव कोणी ठेवलं?

सांगते. पण त्याच्या आधी दुसरं सांगावं लागेल, नाहीतर जे सांगेन ते तुला खरं वाटायचं नाही. आणि मधे मधे तोंड घालू नको. ती खोड माझी, तुझ्या बापसाची नव्हती.

बारा वर्षं झाली. सत्त्याऐंशीचा उन्हाळा. तू तेव्हा पेणला आत्याकडे राहून कॉलेजात जायचीस. एके दिवशी तुझा बापूस पेणच्या डोळ्याच्या डॉक्टरकडून आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "काचबिंदू हाय. दोन वर्सं. फार तर तीन."

मी भाकऱ्या थापत होते. माझा हात थांबला. तो लगेच म्हणाला, "गिरजा, मिठाचा हंगाम संपलाय. आपण रोह्याला जाऊ. होडीनं."

"होडीनं?" मी म्हटलं. "रोह्याला आता आगगाडी झालीय. पेणला बसलं की नागोठणं, निडी नि रोहा, दीड तासात माझ्या भावाच्या दारात. चार दिवस उन्हात बसून सुकट व्हायची हौस कोणाला आलीय?"

"तुला दर्या दाखवायचाय. मला बी बघायचाय एकदा, दिसतं हाय तंवर."

मी भाकरी उलटली. पण ती करपली, ते डोळ्यांमुळे नव्हे. तीस वर्षांत त्या माणसानं मला होडीत पाय ठेवू दिला नव्हता. का, ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

हैबतपट्टी तू नावानं ऐकलीस. तुझ्या बापसाचं खरं गाव ते. खाडीच्या पोटातलं, चहूकडून मातीचा बांध घातलेलं. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खारं पाणी. असल्या गावात बांध हाच देव. बांधाची राखण करायला जोळ असायची. जोळ म्हणजे काय, तर बांधाचा एकेक तुकडा बारा-बारा घरांनी वाटून घ्यायचा, आणि कुठे खांड पडली, पाणी आत घुसलं, की त्या बारा घरांतून घरटी एक माणूस धावायचा. रांग लावायची, चिखलाचे गोळे हातातून हातात द्यायचे आणि भरती चढायच्या आत खांड बुजवायची. लग्न असो, मयत असो, घरटी एक माणूस म्हणजे एक माणूस.

आमचं लग्न वैशाखात झालं, रोह्याला. अवसेच्या तीन दिवस आधी. हैबतपट्टीतून वऱ्हाड आलं होतं, जेवून खाऊन दुसऱ्या दिवशी परत गेलं. अवसेला उधाण असतं, त्या दिवशी बांधावर आपली जोळ, म्हणून तुझा बापूसही त्यांच्याबरोबरच निघणार होता. त्याच्या घरी दुसरं कोणी नव्हतं, आईबाप आधीच गेलेले, बहीण पेणला दिलेली. पण नवरीनं हट्ट धरला म्हणे. दोन दिवस राहू या, आईकडे. तो राहिला.

"म्हणे काय, आई? नवरी तूच ना?"

म्हटलं ना, मधे बोलू नको.

अवसेच्या भर दुपारच्या भरतीला वारा सुटला आणि बांध फुटला. वऱ्हाडातनं त्याच सकाळी परतलेली माणसं तशीच धावली. अकरा घरांची अकरा माणसं रांगेत उभी राहिली. बारावी जागा रिकामी. बाकीच्या माणसांनी जवळ सरकायला बघितलं तर रांग खांडीपर्यंत पुरेना, आणि जागा सोडली तर गोळा हातातून हातात जाताना त्या रिकाम्या जागेत खाली पडायचा. पाणी बघत थोडंच बसतं? अकराही माणसं रांगेतच गेली. बाकी गाव कसंबसं डोंगराकडे पळालं.

दुसऱ्या दिवशी तुझा बापूस नवरीला घेऊन वडखळपर्यंत रस्त्यानं नि पुढे होडीतून आला. गाव नव्हतं. सपाट पाणी, त्यावर पेंढ्याची एक उडवी तरंगत होती आणि उडवीवर एक कोंबडी बसलेली. त्यानं होडी थांबवली. म्हणाला, आपलं घर इथं होतं, खाली. हे सगळं तोच मला पुढे सांगायचा. त्या दिवसापासून मला होडीत बसू दिलं नाही.

मग इथे नवं गाव वसलं. आणि गावातल्या धोंडुबाईनं पाणवठ्यावर पहिल्याच दिवशी सुनावलं, "ही आली नि गाव गेला." तीस वर्षं ते माझ्या कपाळी राहिलं. बारशाला, हळदीला मला मागे उभं करायचे. पण खरं सांगू? राहण्याचा हट्ट नवरीचा होता हे तुझ्या बापसानं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. लोक म्हणायचे, हिरामण सासरवाडीच्या जेवणाला भुलला. तो मान खाली घालून ऐकायचा. एकदाही बोट माझ्याकडे वळवलं नाही. असल्या नवऱ्याशी भांडताना सुद्धा जीभ अडखळते बघ.

असो. निघालो आम्ही. पांढरं शीड, मधे पत्र्याच्या डब्यात वाळू भरून केलेली चूल, तांदूळ, सुकट, चिंच नि एक गोधडी. हैबतपट्टीच्या जागेवरून जाताना भरती होती. त्यानं होडी पार पलीकडच्या काठाला नेली आणि तिकडे पाठ करून बसला.

पण मालू, पुढचे चार दिवस! खाडी रेवसला उघडली आणि समोर एवढं पाणी, एवढं आभाळ, की मी तोंडावर हात ठेवला. मी भातखाचरातली बाई. माझ्या डोळ्यांना बांध दिसला की बरं वाटायचं. इथे बांधच नाही! सकाळी डोंगराकडचा वारा, दुपारनंतर समुद्राकडचा, आणि तुझा बापूस सुकाणूला टेकून नुसता बघत बसलेला. मांडव्याचे माड, पाण्यातला अलिबागचा किल्ला, वाळूवर उताणी पडलेली होडकी, सगळं मला दाखवायचा. "ते बघ. आता ते बघ." अलिबागला उतरून पांढऱ्या कांद्याची माळ घेतली. कांदा फोडून, सुकट भाजून, होडीतच भाकरी खाल्ली. दिवस मावळला की वल्ह्याबरोबर पाणी पेटायचं, निळं निळं. मी हात बुडवला, बोटांवर उजेड. घाबरून ओरडले तर हा हसला, तीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा हसला. मला वाटलं, देवा, याचे डोळे घे, पण हे हसू ठेव.

रेवदंड्याला वळून कुंडलिकेच्या खाडीत शिरलो आणि भरतीबरोबर रोह्याला. भावानं आंब्याच्या पाट्या उघडल्या. दोन दिवस राहायचं ते नऊ दिवस झाले. मी रोज म्हणायची, निघू या. हा म्हणायचा, "वारा नाय." झाडाची पानं सळसळताहेत, आणि म्हणे वारा नाही! मी वहिनीला म्हटलं, आंब्याला चटावलेत दुसरं काय. माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती. तो दिवस मोजत होता.

परत येताना वारा समोरून. शीड आडवं-तिडवं घेत, किनाऱ्याकाठी मुक्काम करत आलो. अवसेच्या सकाळी रेवसला पोचलो. भरती लागली होती. तिच्याबरोबर खाडीत शिरलो असतो तर दुपारी घरी. पण हा दोरी सांधत बसला. चांगली धडधाकट दोरी! मी बोलबोल बोलले. शेवटी भरती पुरी होऊन पाणी उतरायला लागलं तेव्हा हा म्हणतो, चला.

"ओहोटीला खाडीत शिरताय? तुम्ही मिठाचे मचवे हाकलेत की म्हशी?"

त्यानं सुकाणू धरलं. आणि यावेळी होडी पलीकडच्या काठाला नेली नाही. सरळ हैबतपट्टीच्या काठाला घेतली.

ऊन कललं तसा वारा पडला. शीड लोंबायला लागलं. पाणी खाली खाली गेलं, होडीचं बूड चिखलाला लागलं आणि आम्ही बसलो. चहूकडे चिखल, त्याच्यावर पाण्याचे पातळ थर. खेकड्यांची भोकं बुडबुडत होती तीही हळूहळू थांबली. बगळे उडून गेले. लांब वडखळकडे मालट्रकांचा आवाज यायचा, तोही ऐकू येईना. मी शेवटी विचारलं.

"तुमी मुद्दाम आलात ना इथे? आजच्या दिवशी?"

"व्हय."

"कशाला?"

तो चिखलाकडे बघत होता. म्हणाला, "कोळी सांगतात. वैशाख अवसेला, दिवस मावळताना, पाणी तळाला गेलं की इथं हजेरी व्हते. अकरा घरं ओ देतात. बाराव्या घराला हाक मारतात... तीनदा. कोण ओ देत नाय. मग रडल्यासारखं ऐकू येतं आणि पाणी चढतं. तीस वर्सं चाललंय, गिरजा. दर साली."

"मग?"

"मग काय? डोळे जातील, तर जागा पण दिसायची नाय मला. आज जाऊन उभा ऱ्हातो."

"आणि परत?"

त्यानं गोधडीची घडी केली, माझ्या बाजूला सरकवली. "भरती लागली का होडी आपसूक उठंल. वडखळच्या अंगाला ऱ्हाव दे सुकाणू. घरी पोचशील."

मालू, त्या वेळी मी काय केलं असेल? रडले? छे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दर्या दाखवायला म्हणून आणलं, कांदे खिलवले, हसला, आणि हे! माझी वाट लावून जायची तयारी! मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाडीचा आवाजच बदलला.

आधी वास आला. खाडीचा कुजका वास तुला माहीत आहे. तो गेला, आणि नुकत्या नांगरलेल्या शेताचा वास आला. मग बांध दिसला. उगवला असं म्हणू नको, तो तिथेच होता, आम्हालाच आत्ता दिसायला लागला. उंच, गवत माजलेला, अगदी होडीला लागून. त्याच्या आत हिरवंगार भात, वैशाखात! लांबवर घरं. चुलींचा धूर सरळ वर चाललेला. कुठेतरी जातं फिरत होतं. आणि हे सगळं इतकं सुंदर होतं, इतकं निवांत, की मी रागवायची थांबले. भीती वाटली का म्हणून विचारशील. वाटली. पण देवळाचा दरवाजा अचानक उघडला आणि आत आपण कधी न बघितलेला देव असला, तर वाटेल तशी. पाय पळायला उठले नाहीत, हात जोडले गेले.

मधोमध बांधाला खांड पडलेली. तिच्या एका अंगाला माणसांची रांग. पाठमोरी. बाप्यांची धोतरं गुडघ्याच्या वर खोचलेली, डोक्याला फेटे. लग्नाचे फेटे गो. कपडेही बदलले नव्हते त्यांनी.

रांगेच्या टोकाला एक उंच माणूस उभा होता. तुझा बापूस पुटपुटला, "कान्हू पाटील..." त्या माणसानं हाक दिली, शांत, रोजच्यासारखी.

"बाबाजीचं घर?"

"आलं."

"नाथाचं घर?"

"आलं."

"जनूचं घर?"

"आलं."

"पुतळीचं घर?"

"आलं," एक बाई म्हणाली. विधवा होती ती, घरचा माणूस तीच.

अशी दहा, अकरावं कान्हूचं स्वतःचं. मग रांगेत एक जागा. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं जरा सरकून उभी राहिली, जागा करून. कान्हूनं हाक दिली.

"हिरामणाचं घर?"

तुझा बापूस उभा राहिला. तोंड उघडलं. आवाज नाही. ओठ हलले, आवाजच फुटेना. तीस वर्षं जे गिळलं होतं ते सगळं गळ्यात येऊन बसलं असेल.

"हिरामणाचं घर?"

रांग वाट बघत होती. त्या अकरा पाठींना राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती वाट बघत होती, जेवणाला खोळंबलेली माणसं बघतात तशी. मला ते सोसवेना. माझ्या घराचं नाव घेताहेत आणि कोणी ओ देत नाही? तीस वर्षं मी त्याच घराची बोलणी खाल्ली, ती कोणासाठी?

"हिरामणाचं..."

"आलं!" मी ओरडले. "आलं हो! आलं!"

तुझ्या बापसानं माझा हात धरला. "काय केलंस गो हे! मला बोलवतात ते, मला!"

"नाव तुमचं नाय घेतलं, घराचं घेतलं. घर माझं नाय? घरटी एक माणूस. एकच. ओ मी दिली, आता जाणार मी. तुमी उतरलात तर दोन व्हतील, मग त्यांचा नि माझा दोघांचा अपमान."

मी पदर खोचला आणि बांधावर पाय ठेवला. माती गार होती, घट्ट होती. जाऊन त्या जागेत उभी राहिले. कोणी माझ्याकडे मान वळवली नाही. उजवीकडून चिखलाचा गोळा आला, मी घेतला, डावीकडे दिला. दुसरा आला. तिसरा. बस्स, एवढंच. मी भातलावणी केलेली बाई, मला काम शिकवायला नको. हातांना हात लागायचे तेव्हा मी बघितलं, त्या बोटांवर, नखांत हळद होती. माझ्या लग्नाची हळद. मला तेव्हा तो वास ओळखता आला. चिखलावर चिखल पडत होता आणि मधून मधून हळदीचा वास येत होता, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात थांबले नाहीत.

किती वेळ? सूर्य टेकला होता तो बुडाला एवढा. खांड बुजली. कान्हूनं पायानं माती दाबली, दोनदा थोपटली. रांगेतून एक उसासा गेला, असा लांब, की भात वाकलं.

मग डावीकडची बाई, पुतळी, बोलली. तोंड अजून पलीकडेच.

"तू ती रोह्याची?"

"व्हय."

"तुझ्यासाठी माप भरून ठेवलंय दारात. त्या दिवशीच ठेवलं. कधीचं वाट बघतंय. ये."

मी बघितलं. बांधाखाली, हातभर अंतरावर, एक घर. शेणानं सारवलेला ओटा, दारात रांगोळी, उंबऱ्यावर तांदळानं काठोकाठ भरलेलं माप. आत समई. मालू, मी कुठल्याच उंबऱ्यावरचं माप लवंडून सासरी आले नाही. नव्या गावात आले ती झापांच्या खोपटात, वाकून. धोंडुबाई त्यावरूनही बोलायची. आणि हे माझं घर, माझं माप. पाय आपोआप खाली उतरायला लागले. एक पाऊल. दुसरं. तांदळाचा दाणा न् दाणा दिसत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. तुझा बापूस. आता त्याचा आवाज फुटला होता.

"गिरजा! गिरजा... दिसत नाय मला. कुठं हायस?"

संध्याकाळचं त्याला तसंही कमी दिसायचं. होडीत उभा राहून हात पुढे करून चाचपडत होता. खाली पाण्याचा आवाज यायला लागला होता, भरती लागली होती. मी उंबऱ्याशी उभी. पाय उचललेला.

मी पाय खाली ठेवला. अलीकडे. हात जोडून म्हटलं, "पुतळीबाय, माणूस एकच द्यायचा होता, दिला. माझं आंधळं माणूस होडीत हाय. मला जाव दे."

मी वळले आणि चालायला लागले. पाठीमागे बघायचं नाही एवढी अक्कल होती. चार पावलं गेले असेन, आणि मागे माप लवंडल्याचा आवाज आला. तांदूळ सांडल्याचा. बायका हसल्या, आणि काकणं वाजली, नव्या चुड्याची. मी मागे बघितलं नाही.

होडीत चढले, तुझ्या बापसाला घट्ट धरलं. होडी हलली, उठली. पाणी बांधाला लागलं, पण बांध टिकून होता, आत भात तसंच. मग काळोख झाला आणि त्यातून कान्हूची हाक आली. सांजेची हजेरी असेल, काम झाल्यावर सगळे पोचले का बघायची. एकेक घर ओ देत गेलं. "हिरामणाचं घर?"

माझं तोंड मिटलेलं होतं. तुझ्या बापसाचा हात माझ्या गालावर होता, त्यानं शपथेवर सांगितलं असतं.

"आलं," बांधावरून आवाज आला. माझा. कोवळा, लाजरा, सोळा वर्षांच्या पोरीचा, पण माझा.

तुझा बापूस ढसढसा रडला. म्हणाला, "ऐकलंस? पोचली गो घरी. पोचली." त्याच्या मनावरचं ओझं त्या दिवशी उतरलं. पुढे डोळे गेले तरी सहा वर्षं सुखानं जगला, रात्री शांत झोपायचा. त्यानंतर हैबतपट्टीवर हजेरी ऐकू आल्याचं कोणा कोळ्यानं सांगितलं नाही. मीही कधी कोणाला बोलले नाही.

पण दुसऱ्या दिवशी घरी मी सहज म्हणाले, आपल्या लग्नात किती उकडत होतं नाही? आणि थांबले. मला उकाडा आठवेना. मांडव आठवेना. अंगावर काय नेसले होते, अंतरपाट कोणी धरला, आई रडली का. काहीच नाही. पाटी पुसल्यासारखं. पाण्यावरची कोंबडीसुद्धा नाही. तुझ्या बापसानं सगळं बसून सांगितलं, तेवढं मला माहीत.

मी म्हटलं, गेलं तर गेलं. बांधावर राहिली तिला तिचं लग्न हवंच ना, त्याशिवाय ती नवरी कसली? पण पुढच्या वैशाखात अवस गेली आणि लग्नानंतरचं पहिलं वर्ष गेलं. त्याच्या पुढच्या वैशाखात दुसरं. ती तिथे संसार करते गो. दरसाल एक वर्ष मोठी होते, आणि संसाराला लागेल ते इथून, माझ्या डोक्यातून, नेते. तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता, सव्वा महिन्याचा होऊन गेला, असं तुझा बापूस सांगायचा. मी ऐकायची. मला रडू यायचं नाही. तोच एकटा रडायचा, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायची.

आता तोही नाही सांगायला.

तू लग्नानंतर बाराव्या वर्षी झालीस, हे मला वहीतून माहीत आहे. गेल्या वैशाखापर्यंत मला सगळं आठवत होतं, तुझ्या गळ्याशपथ. तुझं बारसं, पाळण्याला काय बांधलेलं, कोण कोण आलं, तुझ्या कानात नाव कोणी सांगितलं. फाल्गुनात मी रोज रात्री मनात म्हणून बघायची, विसरायला नको म्हणून. ही बघ वही. माझंच अक्षर आहे. "मालूचं बारसं," एवढं लिहिलंय, आणि खाली पान कोरं. लिहायचं राहिलं की काय झालं, कोण जाणे.

रडू नको. बाळ उठेल. मी तुला ओळखते ना? ओळखते. फक्त तू पाळण्यातली मला दिसत नाहीस.

काल सांजेला ओहोटी होती. मी मागच्या दारी भांडी घासत होते, तेव्हा खाडीकडून पाळण्याचं गाणं ऐकू आलं. बायका होत्या पाच-सहा. आणि एक बाई तान्ह्या पोरीला मालू म्हणून हाक मारत होती. आवाज माझा होता. बाळ रडलं, आणि तिनं त्याला काहीतरी म्हणून गप्प केलं. काय म्हणाली ते मी कान देऊन ऐकत होते, तेवढ्यात पाणी चढलं.